पाचशे बॅकलिंक विकत घेण्याआधी: कोकणातल्या छोट्या होमस्टेच्या वेबसाइटसाठी एसईओ (गूगलच्या शोधात वर येण्यासाठीची कामं)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यातल्या मुरूडला समुद्राजवळ तुमचा घरगुती होमस्टे आहे. खोल्या मोजक्या, जेवण घरचं. वेबसाइट होऊन वर्ष झालं तरी ती गूगलवर सापडत नाही. पाहुणे येतात ते ओळखीतून, नाहीतर बुकिंगच्या मोठ्या साइटवरून, आणि तिथे कमिशन जातं. आता एक कंपनी पाचशे बॅकलिंक (इतर साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक) आणि तीन महिन्यांत पहिल्या पानाची हमी देतेय. पैसे द्यावेत का, आणि नाही दिले तर स्वतः काय करता येईल?

देऊ नका. कारण सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी असा फोन आला की तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकला किंमत आहे हे खरंच आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना जी पद्धत मांडली, तिचा पायाच तो होता: एखाद्या पानाकडे बोट दाखवणारे जितके जास्त आणि जितके भरवशाचे, तितकं ते पान महत्त्वाचं. त्यातूनच पुढे लिंक विकण्याचा धंदाही सुरू झाला. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानसाखळीचं. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं की तिच्याकडे येणाऱ्या हजारो लिंक असंबद्ध साइटवर पैसे देऊन लावलेल्या होत्या. गूगलने कारवाई केल्यावर एका प्रकारच्या बॅगेच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेलं तिचं पान काही तासांत ७१ व्या क्रमांकावर गेलं. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला, तो अशाच लिंकांसाठी. २०१६ पासून तो मूळ यंत्रणेतच मुरला आहे, आणि बहुतेक वेळा अशा लिंक सरळ दुर्लक्षिल्या जातात. म्हणजे आज पाचशे लिंक घेतल्या तर बहुधा काहीच होणार नाही, फक्त पैसे जातील. आणि नशीब वाईट असेल तर गूगलचा माणूस हाताने कारवाई करतो, मग ती निस्तरण्यात एक अख्खा सीझन जातो.

हमीचं म्हणाल तर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगलने स्वतःच्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय. हमीची भाषा आली की बोलणं तिथेच थांबवा.

आता तुमच्या साइटकडे येऊ. वर्षभरात एकदाही ती दिसत नसेल तर स्पर्धेचा विचार नंतर. आधी गूगलला ती वाचता तरी येतेय का, हे बघायला हवं. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, पुढे कोलन आणि त्याला चिकटून तुमचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. एकही पान दिसलं नाही तर समजा दार आतून बंद आहे. तुमची साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या तयार प्रणालीवर) असेल तर सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाच्या पानावर जा. तिथे खाली एक चौकट असते: शोधयंत्रांना ही साइट इंडेक्स करण्यापासून (आपल्या यादीत नोंदवण्यापासून) परावृत्त करा, अशा अर्थाची. साइट बनत असताना डेव्हलपर तिथे टिक करतात आणि साइट सुरू करताना काढायची राहून जाते. ती टिक म्हणजे प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ची पाटी. मी ज्या छोट्या व्यवसायांच्या साइट बघतो त्यांत हा प्रकार इतक्यांदा निघतो की आता मी पहिल्यांदा तेच उघडतो.

त्यानंतर लगेच गूगल सर्च कन्सोल जोडून घ्या. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं हे गूगलचंच साधन. ते फुकट आहे, आणि ते तुमच्या स्वतःच्या जीमेलवर असू द्या, डेव्हलपरच्या नको. त्यात ‘पेजेस’ नावाचा अहवाल असतो. कुठलं पान इंडेक्समध्ये आहे, कुठलं नाही आणि का नाही, हे तिथे कळतं. ‘पान पाहिलं, पण सध्या इंडेक्स केलं नाही’ असा शेरा बऱ्याच पानांवर दिसला तर अडचण बहुधा तांत्रिक नसते. त्या पानात घेण्यासारखं फारसं काही सापडलेलं नसतं.

आपल्याकडच्या साइटची एक खास अडचण आहे, ती इथे सांगायलाच हवी. दरपत्रक, जेवणाचा मेनू, खोल्यांची माहिती हे सगळं डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं असतं, आणि तेच चित्र म्हणून साइटवर चढवलेलं असतं. माणसाला ते छान दिसतं. गूगल चित्रातली अक्षरं कधी ओळखतो, कधी नाही, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधला मजकूर तसाच पानावर चिकटवलेला असतो. फाँट असेल तिथे तो मराठी दिसतो. गूगलला मात्र ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची निरर्थक रांग असते. तपासायला सोपं आहे: पानावरचं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर ठीक. काहीतरी भलतंच उमटलं, किंवा वाक्य कॉपीच होत नसेल, तर ते पान शोधासाठी कोरं आहे. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या.

दुसरी गोष्ट तुमच्या गावाच्या नावाची. लोक ‘मुरूड बीच’ शोधतात तेव्हा बहुतेकांच्या मनात रायगडमधलं जंजिऱ्याचं मुरूड असतं. लातूर जिल्ह्यातही मुरूड आहे, आणि मुरुडेश्वर कर्नाटकात. तुमच्या साइटचं मुख्य पान ‘होम, वेलकम टू अवर होमस्टे’ असं टायटल (निकालांत दिसणारं पानाचं शीर्षक) घेऊन बसलंय आणि आत नुसतं ‘मुरूडचा निसर्गरम्य किनारा’ लिहिलंय. त्यावरून गूगलला कुठलं मुरूड ते कळायला काही मार्ग नाही. पाहुण्यालाही नाही. मी ते टायटल असं करेन: ‘मुरूड, दापोली: समुद्राजवळ घरगुती होमस्टे, खोल्या आणि दर’. पुढे तुमचं नाव. आणि मुख्य पानाच्या पहिल्या परिच्छेदात साधेपणाने लिहा की हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, कर्दे आणि हर्णैच्या मधलं मुरूड. जंजिरा किल्ला इथून जवळ नाही, जवळ आहे तो सुवर्णदुर्ग. या दोन-तीन ओळींनी चुकून येणारे फोनही कमी होतील.

टायटलवर वेळ घालवणं सार्थकी लागतं. ते क्रम ठरवायलाही मदत करतं आणि निकालांच्या यादीत माणूस वाचतो तेही तेच. प्रत्येक पानाला वेगळं टायटल द्या. खाली दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनाने क्रम बदलत नाही, पण क्लिक करावं की नाही हे त्यावर ठरतं. तिथे ‘स्वर्गीय अनुभव’ लिहिण्याऐवजी समुद्र किती मिनिटं चालत आहे ते लिहा.

आता मुख्य मुद्दा. ‘दापोली हॉटेल’ किंवा ‘कोकण रिसॉर्ट’ या शब्दांवर तुम्ही पहिल्या पानावर येणार नाही. तिथे बुकिंगच्या मोठमोठ्या कंपन्या बसल्यात, त्यांच्याकडे हजारो हॉटेलांची यादी आहे, लाखो रिव्ह्यू आहेत. त्या शब्दांसाठी झगडणं सोडून द्या. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही: रोज येणारे फोन.

फोनवर लोक काय विचारतात ते आठवा. आजीला जिना चढवत नाही, तळमजल्यावर खोली मिळेल का? गाडी अंगणात लागते का, की रस्त्यावर? ड्रायव्हरची झोपायची सोय? आम्ही शाकाहारी आहोत, स्वयंपाकाची भांडी वेगळी असतात का? संकष्टीला उपवासाचं मिळेल? पुण्याहून येताना ताम्हिणी बरा की वरंध, आणि पावसाळ्यात वरंध बंद असला तर? खेड स्टेशनला उतरलो तर पुढे एसटी मिळते का? कासवांची पिल्लं बघायला कधी यायचं, आणि ती मुरूडला दिसतात की आंजर्ल्याला जावं लागतं? हर्णैचा मासळी लिलाव किती वाजता असतो, आणि तिथून आणलेले मासे तुम्ही करून द्याल का?

फोनवर विचारलेला यातला प्रत्येक प्रश्न कोणीतरी गूगललाही विचारतं. कीवर्डची, म्हणजे लोक शोधात टाइप करतात ते शब्द सांगणारी, महागडी साधनं विकत घ्यायची तुम्हाला गरज नाही. फोनशेजारी एक वही ठेवा आणि महिनाभर प्रत्येक चौकशीतला प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत लिहून घ्या. महिनाअखेरीला त्यातून तीन-चार गट पडतील. प्रवास, जेवण, वयस्कर आणि लहान मुलं, आसपासचं बघण्यासारखं. प्रत्येक गटाचं एक पान करा आणि ज्या नेमकेपणाने फोनवर सांगता तसंच लिहा.

एक पान नमुन्यादाखल घेऊ: ‘पुण्याहून मुरूडला (दापोली) कसं यायचं’. इंटरनेटवर या विषयावर ढिगाने लेख आहेत आणि ते बहुतेक एकमेकांवरून उतरवलेले. तुम्ही या रस्त्याने महिन्या-दोन महिन्यांनी जाता. कुठल्या टप्प्यावर रस्त्याचं काम चालू आहे, रात्री घाट टाळावा का, शेवटचा पेट्रोल पंप कुठे, नेटवर्क कुठे जातं, गावात शिरल्यावर कुठल्या वळणाला नकाशा चुकीच्या पाखाडीत नेतो. वर तारीख टाका, ‘माहिती जून महिन्यातली’, आणि रस्ता बदलला की खरोखर बदला. नुसती तारीख पुढे ढकलून जुना मजकूर ठेवला तर वाचणाऱ्याची फसवणूक होते, आणि गूगलही तेवढ्याने फसत नाही. स्वतः काढलेला त्या वळणाचा एक फोटो टाका. हे पान मुंबईत बसलेला कोणी भाड्याचा लेखक लिहू शकणार नाही, आणि म्हणूनच ते वर येण्याची शक्यता आहे.

हेच कारण लक्षात घेऊन सांगतो: एआयकडून ‘दापोलीतील दहा प्रेक्षणीय स्थळे’ छापाचे पन्नास लेख करून घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅमच्या नियमांत ढिगाने बनवलेल्या अशा मजकुराला स्पष्ट जागा दिली, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. शुद्धलेखन तपासायला, वाक्य सरळ करायला एआय जरूर वापरा. माहिती मात्र तुमची हवी. आता भारतातही शोधाच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर दिसतं. ‘दापोलीत काय बघावं’ याचं उत्तर लोकांना तिथेच मिळून जातं, साइटपर्यंत ते येतच नाहीत. आजीसाठी तळमजल्याची खोली हवी असणाऱ्याला मात्र शेवटी कोणाच्या तरी घरी फोन करावाच लागतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ठरवावं लागेल. तुमचे पाहुणे मुख्यतः पुण्या-मुंबईचे मराठी, पण शोधताना बरेच जण रोमन लिपीतच टाइप करतात. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी, दोन्ही पानं ठेवा, वेगळ्या पत्त्यांवर. ब्राउझरमध्ये भाषा बदलून दाखवणारं जे बटण असतं, त्याने गूगलसाठी नवं पान तयार होत नाही. दोन्ही पानांनी एकमेकांचा पत्ता ‘एचरेफलँग’ या खुणेने सांगितला पाहिजे. एकाने सांगितला आणि दुसऱ्याने नाही, तर ती खूण धरली जात नाही. डेव्हलपरला एवढं वाक्य दाखवलं तरी कळेल. इंग्रजी पान मराठीचं शब्दशः भाषांतर असायची गरज नाही. इंग्रजी वाचणाऱ्या पाहुण्याला घावणे, सोलकढी काय असतं ते सांगावं लागेल, मराठीला नाही. आणि एकाच पानावर ‘मुरूड, मुरुड, मुरूड बीच, मुरूड होमस्टे’ अशी सगळी रूपं कोंबू नका. वेगवेगळी स्पेलिंगं गूगलला पुष्कळ कळतात.

तुमच्या धंद्यासाठी वेबसाइटइतकाच, कदाचित जास्तच, महत्त्वाचा आहे गूगल मॅप्सवरचा तुमचा व्यवसाय प्रोफाइल. ‘माझ्याजवळ होमस्टे’ असं कोणी कर्द्याच्या किनाऱ्यावर उभं राहून शोधलं की नकाशातले निकालच आधी येतात. गूगल तिथे तीन गोष्टी पाहतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि तुमची प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत. पिन अचूक तुमच्या बेड्यावर (अंगणाच्या फाटकावर) आणा. कोकणात ती अर्धा किलोमीटर लांब, भलत्याच वाडीत पडलेली मी नेहमी बघतो. प्रकार योग्य निवडा. नावाच्या जागी फक्त खरं नाव लिहा. ‘बेस्ट सी-व्ह्यू होमस्टे इन दापोली’ असं शेपूट जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतो. पावसाळ्यात बंद ठेवत असाल तर तसं तिथे नोंदवा, नाहीतर कोणीतरी जुलैत दारात येऊन परत जाईल आणि एक तारा देईल.

रिव्ह्यू प्रत्येक पाहुण्याकडे मागा, निघताना, संकोच न करता. बदल्यात सूट किंवा मोदक देऊ करू नका. रिव्ह्यूसाठी काहीही देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. वाईट रिव्ह्यूला शांतपणे, नेमकं उत्तर द्या. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचा पाहुणा वाचणार असतो.

वेगाचं थोडक्यात. तुमच्या मुख्य पानावर फोनमधून थेट चढवलेल्या भल्यामोठ्या फोटोंचा सरकता पट्टा आहे. घाटात नेटवर्कची एक काडी असलेल्या माणसाला तो उघडणार नाही. पट्टा काढा, एकच चांगला फोटो ठेवा, सगळे फोटो लहान करून वेबपी या हलक्या स्वरूपात चढवा. गूगलचा निकष असा की पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा. ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर पत्ता टाकलात की मोबाइलचा आकडा दिसेल. त्यात शंभरपैकी शंभर मिळवायच्या मागे लागू नका. आणि फोन नंबर चित्रात नको, बोट लावताच फोन लागेल असा हवा.

‘मेटा कीवर्ड’ (पानाच्या कोडमधली न दिसणारी शब्दांची यादी) भरून देतो असं कोणी म्हणालं तर सांगा की गूगल क्रमासाठी ते वापरत नाही, हे त्याने २००९ मध्येच जाहीर केलंय. प्रश्नोत्तरांचा स्कीमा (पानातली माहिती गूगलला ओळखता यावी म्हणून लावलेला कोड) लावून निकालात मोठी जागा मिळवून देतो म्हणणाऱ्यालाही नमस्कार करा. ऑगस्ट २०२३ पासून ती सोय मोजक्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरतीच उरली.

मग लिंक मिळवायच्याच नाहीत का? मिळवायच्या, पण ओळखीच्या आणि खऱ्या. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर त्या यादीत तुमच्या साइटचा पत्ता बरोबर आहे का बघा. कासव महोत्सवाच्या काळात आयोजक राहण्याच्या सोयींची यादी देतात, तिथे नाव द्या. सायकलवाले, पक्षिनिरीक्षक, गडकिल्ले करणारे गट तुमच्याकडे उतरतात. त्यांच्यापैकी कोणी प्रवासवर्णन लिहिलं तर लिंक द्यायला सांगण्यात काही गैर नाही. रस्त्याचं ते पान खरोखर चांगलं झालं तर शेजारचे होमस्टेवालेसुद्धा आपल्या पाहुण्यांना तेच पाठवतील. अशा दहा लिंक त्या पाचशेंपेक्षा जास्त काम करतील.

दोन महिन्यांनी सर्च कन्सोलमधला ‘परफॉर्मन्स’ अहवाल उघडा. कुठल्या शब्दांवर तुम्ही दिसलात, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी क्रम काय, सगळं असतं. आठव्या ते विसाव्या क्रमांकाच्या आसपास घुटमळणारे शब्द शोधा. गूगलला तुम्ही त्या विषयासाठी पटला आहात, पण पुरेसे नाही. समजा ‘दापोली शाकाहारी होमस्टे’वर तुम्ही बाराव्या जागी दिसताय आणि तुमच्या साइटवर शाकाहाराबद्दल एकच ओळ आहे. मग स्वयंपाकघराची व्यवस्था, रोजच्या ताटात काय असतं, उपवासाला काय मिळतं हे चार परिच्छेदांत लिहा, ताटाचा फोटो टाका आणि मुख्य पानावरून तिकडे लिंक द्या. नवीन पानं वाढवत बसण्यापेक्षा असं डागडुजीचं काम लवकर फळतं.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. डोमेन कोणाच्या नावावर नोंदलेलं आहे ते तपासा. साइट बनवणाऱ्याच्या खात्यात असेल तर आत्ताच, संबंध चांगले असताना, स्वतःच्या खात्यात आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेचा, पासवर्डही मागून घ्या. नूतनीकरण चुकलं आणि डोमेन हातातून गेलं तर वर केलेलं सगळं काम दुसऱ्याच्या मालकीचं होतं.

किती दिवस लागतील? गूगलच्या लोकांनीच चार महिने ते वर्ष असा काळ सांगितलाय, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. नोइंडेक्सची पाटी निघाली तर तुमच्या नावाच्या शोधात काही दिवसांतच फरक दिसेल, बाकीचं हळूहळू. सध्या पावसाळा आहे, खोल्या रिकाम्या आहेत, तेव्हा हाच वेळ आहे. दिवाळीच्या चौकशा सप्टेंबरात सुरू होतात. त्याआधी इंडेक्स, टायटल, मॅप्सवरची पिन आणि रस्त्याचं पान एवढं उरकलं तरी पुरे. शाकाहारी जेवणाचं आणि कासवांचं पान डिसेंबरपर्यंत चालेल. ‘पेजेस’ अहवालात काय शेरे दिसतात ते कळवा, म्हणजे तुमच्या साइटपुरतं नेमकं सांगता येईल.